हे कासव माझं नाहीये

पत्र:

काकू, नमस्कार. मला तू म्हटलंत तरी चालेल. आम्ही ठाण्यात राहतो. मुलगी आठ वर्षांची, मुलगा साडेपाचचा. मुलाला शाळेतून क्राफ्ट आलं, कागद विणून एक प्राणी बनवून आणा. मी एक व्हिडिओ बघून कासव ठरवलं, आख्खा ए-फोर कागद घेतला आणि व्हिडिओत होत्या तशा एक-एक सेंटीमीटरच्या पट्ट्या कापल्या. त्याने चार पट्ट्या विणल्या, पाचवी फाटली, मग रडारड, मग मी पण ओरडले. रात्री साडेअकरापर्यंत बसून मीच पूर्ण केलं. सकाळी त्याने बघितलं आणि म्हणाला, छान आहे, पण हे कासव माझं नाहीये. शाळेत त्याला स्टार मिळाला तो पण त्याने सांगितला नाही, मला डायरीत दिसला. मुलगी सगळं पटापट करते आणि त्याला तुला जमत नाही म्हणून चिडवते. आता सुट्टी लागतेय, दोघांना घेऊन परत करून बघायचंय पण धीर होत नाही. कागद कुठला, पट्ट्या केवढ्या, प्राणी कुठला, सगळंच सांगा.

उत्तर:

अगं, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या एकाच वाक्यापाशी थांबले. साडेपाच वर्षांचं पोर किती स्वच्छ बोलतं बघ. कासव छान आहे हे आधी कबूल केलं आणि मग खरं काय ते सांगितलं, रुसला नाही की तुला बोलला नाही. स्टारचं घरी येऊन सांगितलं नाही ते पण त्याच खरेपणातून, आपण न केलेल्या कामाचा स्टार कसा मिरवायचा. तेव्हा त्याला आवड नाही, तो चिकाटी धरत नाही वगैरे जे काही तुझ्या मनात आलं असेल ते आधी काढून टाक.

आणि तू ओरडलीस, रात्री जागून स्वतः केलंस, यावर मी तुला काही ऐकवणार नाही, कारण मी याहून वाईट केलंय. मी रत्नागिरीकडे सव्वीस वर्षं बालवाडीत होते. सुरुवातीच्या वर्षांत गॅदरिंगला मुलांच्या कामाचं प्रदर्शन असायचं, पालक येणार म्हणून आदल्या दिवशी मुलं घरी गेली की मी त्यांच्या कागदाच्या चटया उसवून परत नीट विणायचे. मला वाटायचं मी मुलांवर उपकारच करतेय. एका वर्षी एक मुलगी आईचं बोट धरून आली आणि भिंतीवर आपली चटई शोधत राहिली. चटईखाली तिचं नाव मी लिहिलं होतं पण तिला वाचता कुठे येत होतं, ती शोधत होती तिची ओळखीची जागा, मधोमध एका ठिकाणी लाल पट्टी लागोपाठ दोनदा वर आली होती ती. आणि तीच मी सरळ करून टाकली होती. ती आईला म्हणाली, बाईंनी माझी लावलीच नाही. आज इतकी वर्षं झाली तरी ते आठवलं की पोटात कालवतं. त्यानंतर मी मुलाच्या विणलेल्या कागदाला एकदाही हात लावला नाही, आणि तुला मी जे काही सांगणार आहे ते सगळं त्या मुलीने शिकवलंय असंच समज.

आता तुझं कुठे अडलं ते बघू. तुझ्या कासवाचा मी हिशोब केला. ए-फोर कागद २१ सेंटीमीटर रुंद, २९.७ लांब. एक सेंटीमीटरच्या उभ्या पट्ट्या म्हणजे २१, आणि वर-खाली समास सोडून आडव्या बसतात साधारण २४. म्हणजे त्या पोराला पाचशे चार वेळा वर की खाली हे ठरवायचं होतं! मोठ्या माणसाचं डोकं फिरेल. त्याने चार पट्ट्या विणल्या म्हणजे चौऱ्यांशी वेळा ठरवलं, ही काय कमी चिकाटी झाली का. तोच कागद पाच उभ्या आणि सहा आडव्या पट्ट्यांत केला की हिशोब तीसवर येतो. तीस वेळा वर-खाली साडेपाच वर्षांच्या मुलाला आरामात जमतं, वर दम राहतो आणि आई अजून एक करू का असं विचारायला जोर पण राहतो. व्हिडिओतल्या त्या बारीक पट्ट्या मोठ्या माणसाच्या हाताने विणलेल्या असतात, आणि कॅमेऱ्यात दिसतात त्या फक्त शेवटच्या दोन मिनिटांच्या.

कागदाचं सांगते. आमच्या लहानपणी घोटीव कागद असायचा, एका बाजूला चकचकीत रंग आणि मागे पांढरा, दिसतो सुंदर पण पातळ असतो, लहान मुलाने ओढला की फाटलाच. तो मुलीला दे, तिला चालेल. मुलासाठी थोडा जाड हवा, पण एकदम कडक कार्डशीट पण नको, ती घडीवर मोडते आणि वर-खाली वाकायला कुरकुर करते. माझा सगळ्यात आवडता कागद म्हणजे जुन्या दिवाळी अंकांची कव्हरं आणि मोठ्या भिंतीवरच्या कॅलेंडरची पानं, गुळगुळीत असतात म्हणून पट्टी सरकते छान, आणि फुकट असतात म्हणून फाटलं तरी आईचा जीव तुटत नाही, हा दुसरा फायदा पहिल्यापेक्षा मोठा आहे हो. लग्नपत्रिकांचा कागद कान, पाय, शेपट्या कापायला ठेव. दोन रंग मात्र एकमेकांपासून लांबचे घे, पिवळ्यात निळा, पांढऱ्यात लाल. लाल-केशरी घेतलंस तर वर काय आणि खाली काय हे मुलाला दिसतच नाही आणि मग त्याचं चुकलं असं आपण म्हणतो.

अजून एक गोष्ट, जी व्हिडिओत कोणी सांगताना मी तरी बघितली नाही. कागदाला पण लाकडासारखी उभी-आडवी शीर असते. वर्तमानपत्र एका बाजूने फाडलं की सरळ रेषेत फाटतं आणि दुसऱ्या बाजूने वाकडंतिकडं, ते त्यामुळेच. कागद हातात घे, न मोडता हलकाच एकदा उभा वाकव, एकदा आडवा. ज्या बाजूने मऊ वाकतो तिथे घडी घातली असती तर जी रेघ आली असती, तिला समांतर अशा आडव्या पट्ट्या काप. त्या पट्ट्या ताठ राहतात, मध्येच दुमडत नाहीत आणि मुलाला ढकलायला सोप्या जातात. तुझी पाचवी पट्टी फाटली ती उलट्या बाजूने कापलेली असेल आणि एवढी अरुंद, मग फाटणारच, त्यात त्याच्या हाताचा काय दोष.

कापायचं कसं. ए-फोर कागदाच्या दोन तोकड्या बाजू एकमेकींवर आणून मधोमध घडी घाल. उघड्या बाजूला दोन बोटं रुंद समास सोड आणि तिथे लाल खडूने जाड रेघ ओढ, ही रेघ म्हणजे सिग्नल, कात्री इथे थांबणार. आता घडीच्या, हो, घडीच्याच बाजूने त्या रेघेपर्यंत सरळ काप घ्यायचे. निम्मे लोक इथे फसतात, उघड्या बाजूने कापतात आणि हातात कंगवा येतो, चटईचा सांगाडाच राहत नाही. मुलासाठी चार काप, म्हणजे चार सेंटीमीटरच्या वर थोड्या अशा पाच उभ्या पट्ट्या. मुलीसाठी तीन-तीन सेंटीमीटरवर सहा काप, सात पट्ट्या. पाच, सात असे विषम आकडे मी मुद्दाम घेते. उभ्या पट्ट्या विषम असल्या की जी आडवी पट्टी खालून सुरू होते ती खालीच संपते, वरून सुरू झाली तर वर संपते. म्हणजे मूल स्वतःच दोन्ही टोकं बघून ठरवू शकतं बरोबर आलं की नाही, आईला विचारायला नको. माझ्या मते याच्याइतकी मोठी गोष्ट या सगळ्यात दुसरी नाही.

पहिल्या वेळी हे काप तू घे. मुलगा कापणार म्हणाला तर कापू दे, बोथट टोकाची कात्री, अंगठा वरच्या बाजूला, आणि कागद धरलेला हात कात्रीच्या पुढे नाही तर बाजूला. डावखुरा असेल तर त्याला डावखुऱ्यांची कात्री आण, नेहमीच्या कात्रीत त्याला कापायची रेघच दिसत नाही आणि आपण उगाच म्हणत बसतो की हात वळत नाही.

आडव्या पट्ट्या कागदाच्या लांब बाजूने काप, २९ सेंटीमीटरच्या, म्हणजे दोन्हीकडे चार-चार सेंटीमीटर बाहेर राहतात आणि लहान बोटांना धरायला काहीतरी मिळतं. टोकं बरोब्बर काठापर्यंतच असली की पट्टी आत जाते आणि मूल रडकुंडीला येतं. बाहेर राहिलेली टोकं शेवटी कापता येतात, किंवा नाही कापायची, त्याचं पुढे सांगते. कागदाची शीर दुसरीकडे असेल तर शीर ऐक, पण मग पट्ट्यांसाठी मोठा कागद घे, म्हणजे टोकं बाहेर राहतील.

विणताना माझ्या मुलांना मी रेल्वे सांगायचे. पट्टी म्हणजे गाडी, उभ्या पट्टीखालून गेली की बोगदा, वरून गेली की पूल. आमच्याकडे कोकण रेल्वे आली तेव्हापासून तर हे मुलांना सांगावंच लागत नव्हतं, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आणि पानवलचा ६४ मीटर उंच पूल दोन्ही आमच्या रत्नागिरीच्याच अंगणात. तुमच्याकडे पारसिकचा बोगदा आहे आणि खाडीवरचे पूल आहेत, तुझा मुलगा लोकलमधून गेला असेलच. बोगदा, पूल, बोगदा, पूल, बोगदा. पहिली गाडी बोगद्यातून निघाली तर दुसरी पुलावरून निघणार. प्रत्येक गाडी आधीच्या गाडीला चिकटेपर्यंत वर सरकवायची, बोटांनी हळूहळू, दोन्ही टोकं एकत्र. पट्टी एकीकडूनच ओढली की तिरकी होते आणि मग समास फाटतो. मोठ्याने म्हणत म्हणत विणू दे, एकदा त्याच्या तोंडात ते बसलं की हात आपोआप चालतात.

आता चुकलं तर. दुसरी पट्टी पण बोगद्यातूनच निघाली तर काय होतं? दोन पट्ट्या जुळ्या बहिणींसारख्या सारख्याच दिसतात, एक रुंद ठिपका तयार होतो, बाकी काही होत नाही, चटई तुटत नाही की सुटत नाही. तू बोलू नकोस. त्याला दिसलं आणि सुधारायचं म्हणाला तर पट्टी काढायला मदत कर, दिसलं नाही तर राहू दे. आणि दिसूनही त्याला तसंच आवडलं तर फारच छान, ती त्याची खूण झाली. मूल जेव्हा विचारतं बरोबर आहे का, तेव्हा टोकं बघ म्हणायचं, बास. तुझे हात कुठे ठेवायचे हा प्रश्न पडेल, मला पडायचा. मी स्वतःची एक चटई घेऊन त्यांच्या शेजारी बसायचे. हात रिकामे असले की ते मुलाच्या कागदाकडे जातातच, कितीही ठरवलं तरी.

आणि चटई विणताना प्राण्याचं नाव काढू नकोस. हे माझं ठाम मत आहे, बाकीच्यात तू हवा तो बदल कर पण हे ऐक. आपण आधी कासवाचा फोटो दाखवतो आणि मग मूल प्रत्येक पट्टीला फोटोकडे बघतं आणि आपलं कसं वेगळं दिसतंय यानेच खट्टू होतं. आधी नुसती चटई. ती झाली की हातात धरून, उलटी-सुलटी करून, लांबून बघायची आणि विचारायचं, ही कोणाच्या अंगावर शोभेल? कोणी मगर म्हणेल, कोणी जिराफ, एकाने मला गाईचं वासरू पाऊस लागून ओलं झालेलं असं सांगितलं होतं आणि खरंच त्या चटईत करडे-पांढरे ओघळ दिसत होते. प्राणी त्याने निवडला की तो त्याचा होतो.

प्राणी करताना एक अडचण नक्की येणार, ती आधीच सांगून ठेवते. विणलेली चटई कात्रीने गोल कापायला गेलीस की सगळ्या पट्ट्या सुटून हातात येतात. यावर दोन उपाय. एक, चटईच्या मागे पूर्ण खळ किंवा फेव्हिकॉल लावून वर्तमानपत्र चिकटवायचं, उशी-पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेवायचं आणि सकाळी हवा तो आकार कापायचा. दोन, जो मला जास्त आवडतो, चटईला हातच लावायचा नाही, वेगळ्या जाड कागदात प्राण्याच्या पाठीच्या आकाराची खिडकी कापायची आणि चटई मागून चिकटवायची. खिडकीतून वीण दिसते, वाकडे काठ मागे लपतात, आणि वर डोकं-पाय-शेपटी लावली की कासव तयार. वाट बघायला नको, लहान मुलाला सकाळपर्यंत थांब सांगणं म्हणजे शिक्षाच. खळ मैद्याची कर, दोन चमचे मैदा वाटीभर पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत शिजवायची, मुलगा चाटून बघेल तरी काही बिघडत नाही. पण या दुसऱ्या उपायात पट्ट्यांच्या फक्त टोकांना ठिपका, मध्ये नाही, मध्ये वीणच धरून ठेवते.

कासवाचंच परत करायचं असेल तर त्याला एक गोष्ट सांग. आमच्या जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास म्हणून गाव आहे, तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, गावातले लोक ती अंडी जपतात आणि पिल्लं बाहेर आली की समुद्रात जाऊ देतात, बघायला लांबून माणसं येतात. या कासवाच्या पाठीवरच्या ज्या फरश्या असतात ना, त्या पुष्कळदा दोन्ही बाजूंना सारख्या नसतात, एकीकडे सहा तर दुसरीकडे सात अशा असू शकतात. खऱ्या कासवाच्या, खऱ्या पाठीवर. तेव्हा तुझ्या मुलाच्या चटईत एक पट्टी जास्त वर आली तर ते कासव जास्तच खरं झालं असं त्याला बिनधास्त सांग, ते खोटं सांत्वन नाहीये.

पण तू मला कुठला प्राणी विचारलंस तर मुलासाठी मी बैल म्हणेन. बैलपोळ्याला बैलाच्या पाठीवर झूल असते, आणि झूल म्हणजे चौकोनी चटईच की, कापायचीच नाही! जाड कागदाला घडी घालून घडीवर बैलाची पाठ येईल असा बैल काढायचा, चार पाय राहतील असं कापायचं, तो टेबलावर उभा राहतो. डोकं आणि शिंगं वेगळी कापून लावायची, शिंगं रंगवायला त्याला द्यायची. पाव ए-फोर कागदात छोटी चटई विणायची आणि पाठीवरून दोन्हीकडे सोडायची. बाहेर राहिलेली पट्ट्यांची टोकं कापायची नाहीत असं मघाशी म्हटलं ना, ती बारीक चिरली की झुलीची झालर होते. विदर्भात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, लहान मुलं लाकडी बैल सजवून घरोघर नेतात, तसा हा कागदाचा बैल घेऊन तुझा मुलगा बिल्डिंगमध्ये फिरला तरी हरकत नाही. अशीच झूल हत्तीला पण चालते.

मुलीसाठी वेगळं काम काढ, हे फार महत्त्वाचं आहे. दोघांना एकच कासव दिलंस की शर्यत लागते आणि आठ वर्षांची साडेपाच वर्षांच्याला हरवते, यात शिकण्यासारखं दोघांनाही काही नाही. ती पटापट करते म्हणजे तिला सोपं पडतंय, अजून अवघड दे. तिला पापलेट करायला सांग. दीड सेंटीमीटर रुंद, वीसेक सेंटीमीटर लांब अशा आठ पट्ट्या, चार एका रंगाच्या आणि चार दुसऱ्या. सांगाडा नाही, घडी नाही, सगळ्या सुट्या. चार उभ्या मांडायच्या, वरची टोकं एका रेषेत, आणि त्या टोकांपासूनच चार आडव्या विणायला घ्यायच्या, त्यांची डावी टोकं एका रेषेत. सहा सेंटीमीटरचा चौकोन तयार होतो, ज्याच्या दोन बाजू बंद आणि दोन बाजूंना लांब टोकं लोंबतायत. बंद बाजूंच्या टोकांना डिंकाचा ठिपका. आता तो चौकोन कोपऱ्यावर उभा करून बघ, बंद कोपरा तोंड, आणि मागे दोन्हीकडे तिरक्या सुटलेल्या पट्ट्या म्हणजे पर आणि शेपूट. वरच्या-खालच्या आखूड कापायच्या, मागच्या लांब ठेवायच्या. पापलेट मुळातच असा चौकटच्या पत्त्यासारखा असतो म्हणून हा आकार इतका जमतो. २०२३ पासून पापलेट आपल्या महाराष्ट्राचा राज्यमासा आहे, हे तिला सांगितलंस तर शाळेत जाऊन चार जणांना सांगेल. सुट्या पट्ट्या पहिल्यांदा सरकतात, खाली पुस्तक ठेवून त्यावर चार पट्ट्या चिकटपट्टीने धरून ठेव. पहिल्या मासोळीला तिची पण चांगलीच तारांबळ उडेल, आणि तेव्हा ती भावाला तुला जमत नाही म्हणायची नाही, तुला सांगायची गरजच पडणार नाही.

मुलाला मासा बघून हवासा झाला तर त्याच्यासाठी साप आहे. दोन लांब पट्ट्या, टोकाला काटकोनात चिकटवायच्या आणि आळीपाळीने एकीवर दुसरी दुमडत जायचं, निळी, पिवळी, निळी, पिवळी. शेवटी ओढलं की स्प्रिंगसारखा लांबतो. याला खरं तर विणणं म्हणता येणार नाही, पण एकाआड एक हा हिशोब बोटांत बसायला याच्यासारखं दुसरं काही नाही, मी तर नवीन मुलांना चटईच्या आधी आठवडाभर सापच करू द्यायचे. आम्ही लहानपणी हेच माडाच्या पातीचे करायचो. पावसाळ्याआधी आजी झावळीच्या पाती एकाआड एक घालून झाप विणायला बसायची, पडवीला लावायला, आणि तिच्या पायाशी पडलेल्या पातींतून आम्हा पोरांची पिपाणी, साप, चेंडू व्हायचे. तिने आम्हाला कधी शिकवलं नाही. ती विणत होती आणि आम्ही शेजारी होतो, एवढंच.

म्हणून सुरुवात करायच्या आधी एखाद्या दिवशी घरातलं विणलेलं शोधा तिघं मिळून. बुरुडाचं सूप असेल तर उत्तम, बांबूच्या कामट्या एक-एक आहेत की दोन-दोन उचलून घातल्यात ते बघा. नवारीचा पलंग, फुलांची परडी, वेताची खुर्ची, गच्चीवरची चटई. मुलाला बोट फिरवू दे, बोगदा कुठे पूल कुठे.

हे काही कोणी काल व्हिडिओसाठी शोधून काढलेलं नाहीये. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी काम सुरू केलं आणि पुढे किंडरगार्टन हे नाव दिलं, त्याने मुलांच्या हाताला जी कामं दिली त्यांत कागदाच्या पट्ट्या विणणं पण होतं. आपल्याकडे ताराबाई मोडक १९४५ मध्ये लहान मुलांच्या शिक्षणाचं काम करायला डहाणूकडच्या बोर्डीला गेल्या, बरोबर अनुताई वाघ, नंतर कोसबाडच्या टेकडीवर काम उभं केलं. विकतची महागडी साधनं कुठून आणणार, आजूबाजूला जे मिळेल तेच मुलांच्या हातात द्यायचं हा त्यांचा रस्ता. मी ट्रेनिंगला होते तेव्हा हे ऐकलं होतं, पण कळलं मात्र त्या चटई शोधणाऱ्या मुलीनंतरच.

वेळेचं म्हणशील तर एका बैठकीला वीस मिनिटं, पंचवीस. तो उठला तर उठू दे, चटई तशीच ताटात ठेव, पट्ट्या एका पाकिटात, संध्याकाळी आपणहून येतो. आणि शाळेचं झोपायच्या वेळी कधीच काढू नको. परत असं काही आलं तर दोन दिवस आधी चटई, एक दिवस आधी प्राणी, आणि जे होईल ते त्याने केलंय तसंच पाठव. हवं तर डायरीत एक ओळ लिही, हे त्याने एकट्याने केलं आहे. बहुतेक बाईंना ते वाचून बरंच वाटतं गं, आम्हाला कळत असतं कुठलं आईने केलंय ते, फक्त बोलता येत नाही. आणि समजा स्टार नाही मिळाला, तर नाही मिळाला.

राहिलं तुझं ते रात्री साडेअकराचं कासव. ते फेकू नको आणि लपवू पण नको, मुलं अशा गोष्टी विसरत नाहीत. ते फ्रीजवर लाव आणि त्याला सांग की तू म्हणालास ते बरोबर होतं, हे कासव माझं आहे, मीच केलंय. खाली तुझं नाव लिही. शेजारी जागा मोकळी ठेव, आणि त्याचा बैल म्हणा कासव म्हणा झालं की त्याच्या खाली त्याला स्वतःच्या हाताने नाव लिहू दे, अक्षर उलटं आलं तरी.